पानिपतला मुलांना न्यावं का?

थंडीच्या सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. जिथे लढाई झाली, माणसं मारली गेली, तिथे मुलांना न्यावं की नको? कुणाला वाटतं धाकटं रात्री दचकून उठेल, कुणाला वाटतं थोरल्याच्या डोक्यात सूडाचं खूळ शिरेल. पुष्कळदा एकाच घरात आईची धास्ती आणि बाबांचा ठाम बेत समोरासमोर उभे असतात. अशाच एका घराबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा आई एकट्याच आल्या. मुलगा सातवीत, मुलगी पहिलीत. नवऱ्याने डिसेंबरअखेरचा बेत पक्का केला होता: दिल्ली, तिथून पानिपत, मग कुरुक्षेत्र. कुरुक्षेत्र सासूबाईंसाठी. तिकिटं काढून झाली होती. मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात त्या वर्षी पानिपत होतं, त्यामुळे तो हवेतच होता. मुलीचं मात्र वेगळं. आषाढात आजोबा गेले, तेव्हापासून ती झोपायच्या वेळी आईचा हात धरून विचारायची, "तू पण मरणार का?"

"मॅडम, मी इतिहासाच्या विरोधात नाही हो," त्या म्हणाल्या. "पण हे दोघं बापलेक जेवतानासुद्धा मुडदेच मोजतात."

आणखी एक गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली. मुलाने वर्गातल्या एका मुसलमान मित्राला "तुमच्या लोकांनी आमचे मारले" असं सुनावलं होतं आणि बाईंनी वहीत शेरा पाठवला होता. दाराशी उभं राहून सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा सर्वांत जड असते. पुढच्या वेळी दोघांनी या, असं मी सुचवलं.

बाबा आले ते थोडे चिडूनच. "आपल्या मुलांना पानिपत माहीत नसेल तर कुणाला असणार?" त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हतं, आणि सहल रद्द करा असं मी सांगणारही नव्हते. मी एवढंच विचारलं, "काला आंबला पोचल्यावर मुलांना डोळ्यांसमोर काय दिसेल?"

ते थबकले. फोटो त्यांनी पाहिलेले होते. शहरापासून आठेक किलोमीटरवर एक राखलेली बाग, हिरवळ, लोखंडी कठड्यात विटांचा एक स्तंभ. ज्या आंब्याच्या झाडावरून जागेला नाव पडलं, ते झाडही आता नाही. तलवारी, हत्यारं, नकाशे पाहायचे तर पानिपतच्या संग्रहालयात. मैदानावर भिण्यासारखं काहीच नाही. १४ जानेवारी १७६१ चा दिवस तिथे उभा राहणार तो सांगणाऱ्याच्या तोंडून, आणि म्हणून सहलीची खरी तयारी सांगणाऱ्यानेच करायची. कुठे उतरायचं, गाडी कोणती, हे नंतर.

मग मी त्यांना म्हटलं, मी तुमची धाकटी आहे असं समजा आणि दहा वाक्यांत पानिपत सांगा. पहिल्या वाक्यात लाखभर माणसं होती. दुसऱ्यात लाख बांगडी फुटली. तिसऱ्यात रक्ताने जमीन इतकी भिजली की आंब्याचं झाड काळं पडलं. तिथे आईंनी हात वर केला. ती काळ्या झाडाची गोष्ट घरात आधीच सांगून झाली होती, आणि मुलीने त्यावर विचारलं होतं, "झाडाला दुखलं का?" त्यानंतर ती दोन रात्री आजीच्या कुशीत झोपली होती.

साधारण पाच ते सात या वयात मुलांना हळूहळू उमगू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही आणि हे सगळ्यांनाच लागू आहे, आपल्या आईलाही. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, तिथे ही उमज घाईने आणि घाबरवत येते. अशा मुलीला लाखाचा आकडा समजत नाही. तिला एक झाड समजतं, एक आजोबा समजतात. दंतकथा सांगू नये असं नाही. ती दंतकथा आहे हे सांगावं, आणि झाडं रक्ताने काळी पडत नाहीत हेही सांगावं. बाबांना हे पटायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं आपण गोष्टीतला प्राणच काढून घेतोय.

मी त्यांना दुसरीकडून सुरुवात करायला सांगितली: भुकेपासून. पानिपतची लढाई एका दिवसाची असली तरी त्याआधी मराठे तिथे दोन महिन्यांहून जास्त काळ अडकून पडले होते. कुंजपुरा जिंकल्यावर भाऊसाहेब कुरुक्षेत्राकडे निघाले होते, कारण लष्कराबरोबर तीर्थयात्रेची आस धरून आलेली बायकामाणसं, कुटुंबं होती. तेवढ्यात ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतपाशी यमुना ओलांडली आणि दिल्लीकडची वाट रोखली. रसदेची धडपड करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. धान्य संपलं, जनावरं मरू लागली, उत्तरेची थंडी होती. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असं ठरलं. मोठ्या माणसांना विश्वासराव, जनकोजी, इब्राहिमखान आधी आठवतात; मुलं विचारतात घोडे काय खात होते, थंडी वाजत नव्हती का, लहान मुलं होती का तिथे. या प्रश्नांना खरी उत्तरं आहेत, आणि ती दिली की युद्ध किती वाईट असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

धाकटीसाठी एकच नियम ठरला: तिने विचारलं तेवढंच सांगायचं, एका-दोन वाक्यांत, खोटं न बोलता, आणि थांबायचं. पुढचा प्रश्न आला तर पुढचं उत्तर. "माणसं मेली का?" "हो, खूप मेली." "दुखलं?" "हो, दुखलं असणार. आता त्यांना दुखत नाही." बाबांना थांबणं फार अवघड गेलं. बोलक्या माणसांना जातंच.

थोरल्याशी मी वेगळी बोलले. शेऱ्याचा विषय काढला नाही. त्याला एक काम दिलं: त्या लढाईत कोण कुठल्या बाजूने होतं त्याचा नकाशा काढायचा. त्याने मनानेच दोन स्केचपेन निवडले, भगवं आणि हिरवं. पुढच्या वेळी आला तेव्हा कागद चुरगळलेला होता. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी त्याने आधी हिरव्याने लिहिला होता, मग खोडून भगव्याने. अब्दालीला मिळालेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या बाजूने गोसाव्यांची फौज लढली, हे त्याला वाचताना सापडलं होतं, तिथे कागद खोडून खोडून फाटला होता. "मॅडम, हे नीट जमतच नाहीये," तो वैतागून म्हणाला.

मी त्याला विचारलं, रंग कशाचे धरलेस? बराच वेळ गप्प राहिला. मग स्वतःच म्हणाला की बाजूंचे धरायचे होते, धर्माचे धरले. त्याला मी आणखी दोन माणसं दिली. एक काशीराज पंडित: मूळचा दक्षिणेतला, शुजाच्या चाकरीत, आणि या लढाईची हकिगत फारसीत लिहून ठेवणारा. दुसरा भरतपूरचा सूरजमल जाट, जो लढाईआधी मराठ्यांपासून दुरावला होता, पण हरून पळत आलेल्यांना त्यानेच अन्नवस्त्र, आसरा दिला. इब्राहिमखान शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला, हे मुलाला ठाऊक होतं. "मग तो आमच्यातला," तो म्हणाला. मित्राशी पुढे काय बोलला ते मी विचारलं नाही. शेरा मात्र पुन्हा आला नाही, असं आई म्हणाल्या.

मुलांना अभिमान वाटू नये असं मला अजिबात वाटत नाही. उपाशीपोटी, घरापासून हजार मैलांवर लढलेल्या माणसांबद्दल ऊर भरून येणं साहजिक आहे. पण अभिमानाला शेजारच्या बाकावरचा शत्रू लागत असेल, तर तो घरातल्या कुणीतरी पुरवलेला असतो. हे मी बाबांना सरळ सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी.

मग बेताकडे वळलो. डिसेंबरअखेर त्या पट्ट्यात दाट धुकं असतं आणि गाड्या उशिरा येतात, म्हणून दिल्ली ते पानिपत हे नव्वदेक किलोमीटर पहाटे न निघता ऊन पडल्यावर गाठायचं ठरलं. तारीख हाताशी असती तर मी फेब्रुवारी सुचवला असता. मुलांसोबत दिवसाला दोन ठिकाणं पुरेत: आधी मोकळं मैदान, मग संग्रहालय. मुलगी कंटाळली किंवा घाबरली तर एका मोठ्या माणसाने तिला घेऊन बाहेर पडायचं, "एवढ्या लांबून आलोय" हे वाक्य न उच्चारता. ते माणूस कोण, हे आधीच ठरवायचं. काला आंबच्या हिरवळीवर ती पळाली, हसली तर तिला गप्प करायचं नाही. वेळ उरला तर बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद पाहायची, कारण १५२६ ची लढाईही याच गावाची, आणि नंतर बाजारात ब्लँकेटं, सतरंज्या पाहायच्या. पानिपत आज विणकामाचं गाव आहे. लढाई झाली तिथे माणसं अजून राहतात, दुकानं उघडतात, मुलं शाळेत जातात, हे धाकटीने डोळ्यांनी पाहणं मला स्तंभ पाहण्याइतकंच महत्त्वाचं वाटत होतं.

मला धास्ती होती ती पानिपतची नाही, कुरुक्षेत्राची. ब्रह्मसरोवर, ज्योतिसर ही आजींची ठिकाणं. तिथे काही प्रश्न नव्हता. पण तिथल्या पॅनोरमा आणि विज्ञान केंद्रात महाभारताचं युद्ध गोलाकार भिंतीवर भव्य चितारलेलं आहे, पुढे रणभूमीचा देखावा, मंद उजेड आणि आवाज. मोठ्यांना ते थरारक वाटतं. सहा वर्षांच्या मुलीसाठी ते काला आंबपेक्षा कितीतरी जास्त आहे. पालक नेमके इथे फसतात: धार्मिक ठिकाण म्हटलं की भीतीचा विचारच करत नाहीत.

परत आल्यावर ते एकदा भेटून गेले. काला आंबला मुलगी खारीमागे पळत होती. पॅनोरमात शिरताच तिने आईचा पदर धरला आणि दोघी ठरल्याप्रमाणे खाली विज्ञानाच्या खेळण्यांकडे गेल्या. थोरला बाबांबरोबर वर थांबला. काळजी वेगळीच निघाली. घरी आल्यापासून मुलगी बाहुल्या ओळीने झोपवून त्यांना चमच्याने भरवत होती. "उपाशी आहेत," म्हणायची. बाबांना वाटलं, हे आपल्यामुळेच.

खेळात लढाई, मरण, भूक येणं हा मुलांचा पचवण्याचा मार्ग असतो. खेळ रोज थोडा बदलतोय, बाहुल्या कधी बऱ्या होतायत, मूल मध्येच उठून दुसरं काही करतंय, तर खेळू द्यावं. एकच खेळ तसाच्या तसा, हसू नाही, सोबत झोप उडालेली, अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलेलं, शाळेला जायला नकार, आणि हे तीन-चार आठवडे टिकलं, तर समुपदेशकाला दाखवावं. हिच्या बाहुल्या जेवून उठून शाळेत जात होत्या.

मात्र एके संध्याकाळी भरवता भरवता तिने आजीला विचारलं होतं, "आजोबा पण उपाशी होते का?" दवाखान्यात शेवटचे काही दिवस आजोबांना नळीने अन्न देत होते. ते तिने दारातून पाहिलं होतं आणि घरात कुणी तिला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. आजींनी सांगितलं: तोंडाने गिळता येत नव्हतं, म्हणून नळीने देत होते, उपाशी नव्हते. त्या रात्री मुलगी आईचा हात न धरता झोपली. पुढच्या रात्री पुन्हा धरला. असं पुढे-मागे होतच राहतं.

न्यायचं योग्य वय कोणतं, असं आईंनी निघताना विचारलं. मी आकडा देत नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल आणि त्याबद्दल मुलाशी कुणी बोललेलं नसेल, तर आधी ते बोलणं करा, सहल त्यानंतरची. मूल स्वतः प्रश्न विचारत असेल आणि उत्तर ऐकून खेळायला पळत असेल, तर पहिलीतलंही चालेल. त्यांचा पुढचा बेत पन्हाळ्याचा आहे, आणि या वेळी कुठे काय सांगायचं याची यादी थोरला करतोय.