स्थानिक स्वराज्य संस्थेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागातली नोकरी घ्यावी का?

खासगी कंपनीत सहा वर्षे सॉफ्टवेअर लिहिल्यावर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागात रुजू व्हावे का, आणि झाल्यास तिथल्या जुन्या प्रणालींत आपली कौशल्ये गंजून जातील का, असे तुम्ही विचारले आहे. मी अशा विभागात अकरा वर्षे काम केले आहे. पहिली चार वर्षे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्यात गेली आणि पुढची सात निरनिराळ्या खात्यांच्या प्रणाली बदलण्यात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कंपनीचे ॲप आवडले नाही तर ग्राहक दुसरे घेतो. घरपट्टी भरणाऱ्या किंवा मृत्यूचा दाखला मागणाऱ्या माणसाला मात्र दुसरीकडे जाण्याची सोयच नसते, आणि या कामाचे बाकीचे सगळे वेगळेपण यातूनच निघते. नवी सुविधा ऑनलाइन आणली तरी जुनी खिडकी बंद करता येत नाही, कारण ज्याला स्क्रीन वाचता येत नाही, ज्याच्याकडे फोन नाही किंवा ज्याला अर्जाची भाषा कळत नाही, तोही तितकाच हक्काचा नागरिक असतो. बाहेरून जो संथपणा दिसतो, त्याचा बराच भाग या बंधनातून आलेला असतो. उरलेला भाग निविदा आणि मंजुऱ्यांचा असतो आणि तो खरोखरच त्रासदायक असतो, हेही मान्य करतो.

लहानशा संस्थेतही कर, पाणी, बांधकाम परवाने, ग्रंथालय, पगार, सभांची इतिवृत्ते आणि दफनभूमीच्या नोंदी अशा कितीतरी प्रणाली चालू असतात. प्रत्येकीचा पुरवठादार वेगळा, आणि पत्ता लिहिण्याची तऱ्हाही वेगळी. आमच्याकडे कराची माहिती नव्या प्रणालीत हलवायची होती तेव्हा एकच घर तीन ठिकाणी तीन रूपांत सापडे: एकीकडे भूखंड क्रमांकाने, दुसरीकडे रस्त्याच्या जुन्या नावाने, तिसरीकडे वारलेल्या मालकाच्या नावावर. बऱ्याच नोंदी प्रोग्रामने जुळवल्या, पण ज्या उरल्या त्यांच्यासाठी मी कर खात्यातल्या एका ज्येष्ठ लिपिक बाईंच्या शेजारी कित्येक आठवडे बसलो. कोणत्या वर्षी रस्त्याचे नाव बदलले, कोणत्या वाड्याची वाटणी झाली पण नोंद राहून गेली, हे त्यांना तोंडपाठ होते आणि ते कोणत्याही कागदावर नव्हते. माहितीची रचना कशी असावी याविषयी मला जे काही कळते, त्यातले बहुतेक मी त्या टेबलापाशी शिकलो.

हे काम हलके समजले की काय होते, ते ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या नगर परिषदेत दिसले. तिथे १९९९ पासून चाललेली, सॅप कंपनीची हिशेब आणि पगाराची प्रणाली काढून एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल कंपनीची प्रणाली सुरू केली गेली. आपल्या कामाची जुनी पद्धत नव्या प्रणालीशी जुळवून घेण्याऐवजी प्रणालीलाच जुन्या पद्धतीप्रमाणे वाकवले गेले, बँक खात्याचा ताळमेळ लागेना, आणि सुमारे २ कोटी पौंडांचा मूळ अंदाज पुढे १० कोटींच्या वर गेला. परिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये आर्थिक संकटाची कलम ११४ ची नोटीस, म्हणजे उत्पन्नात खर्च भागत नसल्याची जाहीर कबुली, काढली. तिचे मुख्य कारण समान वेतनाचे दावे हे होते, तरी या प्रणालीच्या खर्चाचाही उल्लेख तेव्हा झाला होता.

सुरक्षेच्या बाबतीतही उदाहरणे कमी नाहीत. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या संगणकांवर खंडणीसाठी हल्ला झाला आणि १३ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७६,००० डॉलर मागितले गेले. शहराने ते दिले नाहीत. ईमेल बंद पडले, घरांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार अडकले, आणि नुकसानीचा अंदाज १ कोटी ८० लाख डॉलरवर गेला. लंडनमधल्या हॅकनी भागाच्या स्थानिक परिषदेवर ऑक्टोबर २०२० मध्ये हल्ला झाला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने (ते तिथे लोकांच्या खासगी माहितीच्या सुरक्षेवर लक्ष ठेवते) त्याबद्दल जो ठपका ठेवला, त्यात वापरात नसलेल्या एका खात्याचा कमकुवत पासवर्ड तसाच राहिल्याचा उल्लेख आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण अशा संस्थेत ते नव्या पोर्टलपेक्षा मोलाचे ठरते. आम्ही स्वतः एकदा वर्षानुवर्षे रोज रात्री घेतला जाणारा बॅकअप परत चढवून पाहिला, तेव्हा दोन महत्त्वाचे डेटाबेस त्यात कधी आलेच नव्हते असे आढळले. ती चाचणी आणखी वर्षभर लांबली असती तर काय झाले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

राजकीय निर्णयांची तयारीही मनात ठेवा. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीकडे जायचे ठरवले, सुमारे १५,००० संगणक त्यावर आणले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. तुमची वर्षांची मेहनत एका सभेतल्या मतदानाने बदलू शकते; ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी या नोकरीत येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कौशल्यांविषयी सांगायचे तर, नवनव्या फ्रेमवर्कवरचा, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिण्याच्या तयार साच्यांवरचा, हात नक्कीच मंदावेल आणि तो घरी सराव करून टिकवावा लागेल. त्याच्या बदल्यात माहितीचे स्थलांतर, करारातल्या अटी वाचणे आणि तांत्रिक नसलेल्या माणसाला निर्णय समजावून देणे या गोष्टी इतक्या जवळून शिकायला मिळतात की, मला तरी हा सौदा तोट्याचा वाटला नाही.

होकार देण्यापूर्वी मुलाखतीत तीन प्रश्न जरूर विचारा: बॅकअप शेवटचा केव्हा परत चढवून पाहिला, पुरवठादाराशी करार संपल्यावर सगळी माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, आणि नव्या प्रणालीचा निर्णय घेताना खात्यातला लिपिक बैठकीत असतो का. शक्य असेल तर अर्धा दिवस कर भरण्याच्या खिडकीमागे बसू देण्याची विनंती करा. तिथल्या लिपिकाने एखादी नोंद स्क्रीनवर सापडेना म्हणून शेजारची वही उघडली, तर त्या वहीत काय आहे ते विचारा, कारण रुजू झाल्यावर तुमचे पहिले काम बहुधा तेच असेल.