बापाचे दुःख कोठून आणावे?

मालवण तालुक्यातील, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने लिहिले आहे : "समुद्रावरून न परतलेल्या मुलाच्या बापाची भूमिका एकांकिकेत करतो आहे. शिबिरात स्वतःचे दुःख आठवायला सांगितले; मला काहीच जमले नाही. मामा दशावतारात आहेत, पण ते काही प्रशिक्षण नव्हे. मी अभिनयाकडे वळावे का, आणि कोणत्या पद्धतीने शिकावे?"

तुम्हाला जे जमले नाही, ते भावस्मृतीचे, म्हणजे स्वतःची जुनी भावना आठवून ती भूमिकेत वापरण्याचे, तंत्र होय. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी ते मांडले आणि अमेरिकेत अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी त्यालाच आपल्या 'मेथड' या अभिनयपद्धतीचा कणा केले. परंतु स्तानिस्लावस्की स्वतः उत्तरायुष्यात शारीरिक क्रियांकडे वळले होते, आणि १९३४ मध्ये पॅरिसला त्यांच्याकडे शिकून परतलेल्या अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर यांनी स्ट्रासबर्ग यांच्याशी याच मुद्द्यावर उघड मतभेद नोंदवला. विशीतल्या मुलाने खऱ्या जखमा उकरून भूमिका उभी करावी, हे मलाही पटत नाही. त्यापेक्षा हा बाप काय करतो ते शोधा : मुलाचे फाटलेले जाळे तो अजून नीट करत बसतो का, बायकोने विचारल्यावर खोटे काय सांगतो, किनाऱ्याकडे पाहायचे कसे टाळतो? हात खऱ्या कामात गुंतले की भावना बहुधा मागून येते. जर्मन नाटककार ब्रेख्त यांची पद्धत वाचावी, पण तिचा हेतू प्रेक्षकाला विचार करायला लावण्याचा असल्याने या भूमिकेपुरती ती बाजूला ठेवावी.

मामांविषयीचे तुमचे मत मात्र मला मुळीच मान्य नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरते आणि पुढचे बोलणे समोरच्याच्या बोलण्यातून सुचते, म्हणून तेथे नटाला ऐकावेच लागते. अमेरिकन अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइझनर यांनी एकच वाक्य दोघांनी परस्परांना पुन्हा पुन्हा म्हणण्याचा सराव याच ऐकण्यासाठी घडवला. अर्थात, देवळासमोरच्या मोकळ्या अंगणाचा आवाज आणि राजा-राक्षसांची ऐट छोट्या रंगमंचावर खटकते. ती तेवढी कमी करावी लागेल.

अभिनयाकडे जरूर वळा, मात्र पदवी अर्धवट सोडू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी आणि नाटकांतील प्रत्यक्ष अनुभव, दोन्ही लागतात. पुणे विद्यापीठाच्या, नाट्यशिक्षण देणाऱ्या ललित कला केंद्राचाही विचार करावा. तोवर मामांना विचारून त्यांच्या मंडळात एखादी लहान भूमिका मागा, आणि उद्याच्या तालमीला खरे जाळे घेऊन जा.