उडते रोहित धूसर का येतात?

प्रश्न : भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो काढले. उडतानाचे सगळे धूसर, आणि पांढऱ्या पिसांत तपशीलच नाही. ७०-३०० मिमीची लेन्स बदलू का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : लेन्स राहू द्या. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल ३२००. आयएसओ वाढून फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील. हललेला फोटो मात्र सुधारत नाही. गडद पाणी पाहून कॅमेरा चित्र जास्त उजळ करतो आणि पिसं ‘जळतात’, म्हणजे नुसती पांढरीफट्ट येतात, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-गडद करायची सेटिंग) -०.७ ते -१ करा. मागे उजळ आकाश आलं की उलट, +०.७. होडीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा लहरू लागते. मग दूरचा पक्षी महागड्या लेन्सनेही धूसरच येणार.

रोहित वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर धावत उडतात. वारा तुमच्या पाठीशी असेल, तर ते तुमच्या दिशेने उठतील. पण फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नका, हे कितीही रूढ असलं तरी. चरणं सोडून, माना वर करून पक्षी एकत्र चालू लागले, की होडी फार जवळ गेली आहे. मागे घ्यायला सांगा.