कापूस वेचणीच्या घाईत मजुरांवर शिव्या निघतात, हिशेबही लांबतो. याचा ख्रिस्ती साक्षीवर, म्हणजे आपल्या जगण्या-बोलण्यातून लोकांना दिसणाऱ्या विश्वासावर, खरंच परिणाम होतो का?

हो, होतो; आणि शिवीपेक्षा हिशेबाचा जास्त होतो. गावात बायबल उघडणारे थोडे, पण तुमचा काटा रोज सगळ्या बाया पाहतात. कापसाची वेचणी किलोवर असते, त्यामुळे ओलाव्याच्या नावाखाली अर्धा किलो कापला तरी ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. बायबलमधलं लेवीय 19:13 सांगतं, मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. याकोब 5:4 मध्ये तर अडवलेली मजुरीच ओरडते. म्हणून वजन वेचणारीच्या डोळ्यांसमोर करा, आकडा लगेच तिच्या वहीत लिहून द्या आणि चुकारा शक्यतो त्याच दिवशी, उशिरात उशिरा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी करा. मागे कापलेलं असेल तर तेही परत द्या. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं (लूक 19:8). शिवी गेलीच तर ज्यांनी ऐकली त्यांच्यादेखत माफी मागा, घरी एकट्याने प्रार्थना करून भागत नाही. मात्र नुसती चांगली वागणूक म्हणजे पूर्ण साक्ष नव्हे. कुणी विश्वासाबद्दल विचारलं तर 1 पेत्र 3:15 प्रमाणे सौम्यपणे सांगा, फक्त चुकाऱ्याच्या वेळी नको. हातात पैसे धरून केलेलं विश्वासाचं बोलणं मजुराला दबावच वाटतं.