ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या हानिया बंदरासाठी तीन दिवस पुरतात का? शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

'हाल' हे तुम्हाला कुणीतरी क्रूझवाल्याने सांगितलं असणार. आमच्याकडे हे काम आमचे साडू करतात. त्यांची बोट सूदा बंदराला लागली, बसने हानियाच्या जुन्या बंदरावर सोडलं. त्यांनी पाण्याकाठच्या हॉटेलांची मेन्यूकार्डं बाहेरूनच वाचली, पिशवीतले ठेपले खाल्ले आणि परत बोटीवर. तेव्हापासून घरात बारसं असो की बारावं, त्यांचं एकच पालुपद: "एक दीपगृह, बाकी नुसती मासळी. दोन तासांत संपतं."

काय संपतं? दीपगृह मुळात इथे आधी राज्य केलेल्या व्हेनिसवाल्यांचं, पण आज दिसतं ते एकोणिसाव्या शतकात क्रीट इजिप्तच्या ताब्यात असताना उभं राहिलेलं. समोर पाण्यालगत घुमटांची मशीद, १६४५ मध्ये तुर्कांनी शहर घेतल्यानंतरची. पूर्वेला व्हेनिसच्या जहाजांच्या दुरुस्तीच्या उंच दगडी कमानी. मागच्या गल्ल्यांत एत्झ हय्यिम हे सिनेगॉग. इथल्या ज्यूंना जर्मनांनी मे १९४४ मध्ये पकडलं आणि त्यांना नेणारं जहाज जूनमध्ये बुडालं. पश्चिमेच्या फिर्कास किल्ल्यावर १ डिसेंबर १९१३ ला, क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं तेव्हा, ग्रीसचा झेंडा चढला. यातलं साडूंना काय दिसलं? आइस्क्रीम.

आता खाण्याचं. बंदराच्या कडेला जेवूच नका, तिथे पैसे देखाव्याचे. आम्ही गाडी काढून अपोकोरोनास भागात गेलो होतो, जुलैमध्ये. वामोसच्या पुढे एका खेड्यात घरगुती खाणावळ दिसली, बाहेर चार टेबलं. मालकीणबाई सत्तरीच्या. इंग्रजी शून्य. मी "मांस नाही, मासे नाहीत" असं हातवाऱ्यांनी सांगायला लागलो, तर त्यांनी सरळ हिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मोरीत पालेभाजीचं घमेलं भिजत पडलं होतं. ही आतूनच ओरडली, "अहो, हा तर तांदुळजा!" तिथे त्याला व्लिता म्हणतात, माठाच्याच कुळातला. देठांसकट उकडलेला, सोबत कोवळी झुकिनी आणि बटाटा, वर लिंबू. ऑलिव्ह तेल पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीतून, घरच्या झाडांचं, आणि हात इतका सैल की बशीत तळं झालं. हिने लसणाच्या फोडणीचा अभिनय करून दाखवला. बाईंनी शांतपणे मान हलवली आणि आणखी तेल ओतलं. शेवटी कलिंगड आणि राकी, दोन्ही फुकट. मी गाडी चालवणार म्हणून माझी राकी हिने संपवली, हे साडूंना सांगितलेलं नाही.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. साडूंचं उत्तर: "तांदुळजा खायला युरोपात गेलात?" म्हणजे आधी खायला काही मिळत नाही, आणि मिळालं की ते फार साधं. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नाही, पण मी घालतो.

बाकी दाकोस मागवा: जवाचा टणक भाजका पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. दोन मिनिटं मुरू द्या, नाहीतर दात जातील. हानियाचं बुरेकीही मागवा: झुकिनी, बटाटा, मिझिथ्रा, पुदिना. "निस्तिसिमो आहे का?" असं विचारा, म्हणजे चर्चच्या उपासाला चालणारं, बिनमांसाचं, बिनदुधाचं. पण सावध, त्यांच्या उपासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते! आणि पुष्कळ चीजमध्ये जनावराच्या पोटातलं रेनेट असतं, त्यामुळे अगदी काटेकोर असाल तर तेही विचारून घ्या. व्लिता उन्हाळ्यातच मिळतो.

दिवसांचं म्हणाल तर तीनात गाव होईल, गावाबाहेरचं होणार नाही. वूव्हेसचं ऑलिव्हचं झाड किमान दोन हजार वर्षांचं मानतात. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या मुकुटांसाठी त्याच्या फांद्या नेल्या होत्या. बुंधा पिळलेला, आत पोकळ, वर अजून फळ धरतं. थेरिसोची घळ गाडीतूनच बघता येते. पुढे ग्रीसचे पंतप्रधान झालेल्या व्हेनिझेलोसचं १९०५ चं बंड थेरिसो गावातूनच झालं. सामारिया घळीचा मोह साठीच्या गुडघ्यांनी आवरावा. सोळा किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार, पायाखाली गोटे, आणि खाली आयिया रूमेलीहून बाहेर पडायला रस्ता नाही, बोटच. शिवाय ती साधारण मे ते ऑक्टोबरच उघडी असते.

गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्याआधी काढा. तिथे उजवीकडून चालवतात, आणि मागची गाडी घाईत असेल तर कडेच्या पट्ट्यावर सरकून तिला वाट द्यायची रीत आहे. डोंगरात वळणावर बकऱ्या हमखास. एवढं नको असेल तर शहरातून केटेल या बससेवेच्या बस आहेत, पण त्या तुम्हाला वामोसच्या पुढच्या त्या खाणावळीच्या दारात सोडणार नाहीत.