हरीण समोर आल्यावर बार काढायचा की जाऊ द्यायचं, हे कसं ठरवतात?

तुमचा प्रश्न वाचला. भाचा पेनसिल्व्हेनियात नोकरीला, ऑफिसातली मंडळी यंदा त्याला थँक्सगिव्हिंगनंतर (तिकडचा नोव्हेंबरअखेरचा सण) हरणाच्या शिकारीला नेणारेत, आणि त्याला धाकधूक ही की हरीण पुढ्यात आल्यावर गोळी मारायची की सोडून द्यायचं हे दोन सेकंदात ठरवायचं कसं. मी त्याच राज्यात नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली, तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याबरोबर सीझनला जायचो, आता परत येऊन ऐरोलीत राहतो, आणि इकडं हा विषय निघाला की सोसायटीत दोनच प्रश्न येतात, आधी तोंड वाकडं करून "तुम्ही खरंच हरीण मारलंत?" आणि मग जरा वेळाने हळूच "चव कशी असते हो?" त्यामुळे कुणीतरी कामाचं विचारलं याचाच आनंद झाला, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे ते दोन सेकंदात ठरवायचं नसतंच. त्यातलं बरंचसं घरी ठरतं, थोडं पहाटे मचाणावर बसल्या बसल्या ठरतं, आणि हरीण आल्यावर फक्त टिकमार्क करायची असते. म्हाताऱ्याने मला एकच कसोटी दिली होती, आत्ता बार काढला तर हे हरीण अंधार पडायच्या आत माझ्या हाताला लागणार का? नेम बसेल का हे त्यात आलंच, पण बाकीचं पण येतं, ते पळून कुठे जाईल, मधे ओढा आहे का, पलीकडची जमीन कुणाची, पाऊस येतोय का, उजेड किती उरलाय. उत्तर "हो" असेल तर चाप ओढायचा. "बहुतेक" असेल तर जाऊ द्यायचं. हे "बहुतेक"च माणसाला फसवतं, कारण त्या वेळी छाती इतकी धडधडत असते की बहुतेकचं हो व्हायला वेळ लागत नाही.

घरी काय ठरवायचं ते आधी सांगतो. हरणाच्या छातीतली काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण ८ इंचांची धरतात, म्हणजे वाढदिवसाला केक द्यायला आणतो ना ती कागदी डिश, तेवढीच. भाच्याला म्हणावं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी जा, डिश लाव आणि टेबलावर रायफल टेकवून मारू नकोस, जंगलात टेबल नसतं, गुडघ्यावर बसून मार, उभं राहून झाडाला हात टेकवून मार, आणि ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या डिशमध्ये बसतात ती तुझी हद्द. सगळ्या म्हणजे सगळ्या, पाचातल्या चार नाही. पुष्कळ लोकांची ही हद्द त्यांना वाटते त्याच्या निम्म्यावर निघते, तिथे इगो आणायचा नाही. मग जंगलात बसल्यावर उजेड झाला की चारी बाजूंची झाडं-दगड बघून ठेवायचे, हा ओंडका साठ यार्ड, तो वाकडा ओक शंभर, रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, असेल तर उत्तमच. म्हणजे हरीण ओकच्या पलीकडे दिसलं की विषय संपला, विचारच करायचा नाही, बघत बसायचं. बघत बसायला पण मजा येते खरं तर.

आता हरीण कसं उभं आहे ते. सगळ्यात चांगलं म्हणजे पूर्ण आडवं, बाजू तुमच्याकडे. पुढच्या पायाच्या जरा मागे, अंगाच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर नेम, दोन्ही फुफ्फुसं जातात, शंभरेक मीटरच्या आत पडतं. तितकंच चांगलं म्हणजे आडवं पण तोंड थोडं पलीकडे वळलेलं, मग नेम जरा मागे घ्यायचा आणि मनात पलीकडच्या पुढच्या पायाकडे रेघ ओढायची, गोळी त्या रेघेने गेली पाहिजे. तोंड तुमच्याकडे करून तिरकं उभं असेल तर मधे खांद्याचं हाड येतं आणि पुढे गोळी पोटात शिरते, नवख्याने हा शॉट सोडायचा. समोरासमोर छाती, सोडायची. मागून तर विषयच नाही, कुणी कॅम्पवर बढाई मारत असेल की मी मागून मारलं होतं तर ऐकून घ्यायचं आणि विसरायचं. मान आणि डोकं, यात बसला तर जागच्या जागी, पण जागा लहान, हलती, आणि थोडक्यात चुकलं तर जबडा तुटलेलं हरीण उपाशी मरतं कुठेतरी, मी कधी घेतला नाही आणि भाच्यालाही घेऊ नको म्हणावं. चालतं हरीण असेल तर तोंडाने "म्याऽ" असा हलका आवाज काढला की बरेचदा थांबतं, नाही थांबलं तर नाही. पळत्यावर गोळी अजिबात नाही, मग शिंगं केवढीही असोत.

हरणाच्या मागे काय आहे हे तर पहिल्यांदा बघायचं, मी उगाच एवढ्या उशिरा सांगतोय. गोळी हरणाच्या आरपार जाते हे धरूनच चालायचं. मागे मातीचा उतार पाहिजे. हरीण टेकडीच्या माथ्यावर उभं आहे आणि मागे नुसतं आकाश, असा देखावा फार सुंदर दिसतो, आणि बरोबर तोच शॉट कधीही घ्यायचा नाही. आपला वाशीचा खाडीपूल दोन किलोमीटरच्या आतला आहे, थर्टी-ऑट-सिक्सची (हरणाला वापरतात त्यातली एक रायफल) गोळी वरच्या कोनात सुटली तर त्या पुलाच्या दुप्पट लांब जाऊन पडू शकते, तिकडे कोण आहे तुम्हाला काय माहीत. मागे दुसरं हरीण उभं असेल तरी थांबायचं, एका गोळीत दोन पडली की कायद्याचं वेगळंच लफडं. मधे बारीक फांद्या असतील तर गोळी वळते, मोकळी जागा मिळेपर्यंत थांबायचं. लोकांच्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही पेनसिल्व्हेनियात, आणि रायफल सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा लागतो, तो घातलाच पाहिजे. आणखी एक, काहीतरी हललं म्हणून रायफलच्या स्कोपमधून बघायचं नाही, गळ्यात दुर्बीण ठेवायची आणि तिच्यातून बघायचं. स्कोपमधून बघणं म्हणजे बंदूक रोखणं, आणि ते हललेलं हरीण नसून कॉफी पीत बसलेला कुणाचा तरी आजोबा असू शकतो.

मग कायदा. तिथे २००२ पासून नराच्या शिंगांना फाट्यांची अट आहे, राज्याच्या बऱ्याच भागात एका बाजूला निदान तीन, पश्चिमेकडच्या काही विभागांत कपाळाजवळचा फाटा सोडून वर तीन, आणि फाटा धरायचा तर निदान एक इंच लांब हवा. हे झुडपात उभ्या असलेल्या, मान हलवणाऱ्या जनावरावर मोजायचंय. मोजता आलं नाही तर जाऊ द्यायचं, इथे अंदाजपंचे चालत नाही. मादीसाठी वेगळं लायसन्स, तेही त्या त्या विभागापुरतं. आणि मादी म्हणून जे दिसतं ते दरवेळी मादी नसतं, त्याच वर्षी जन्मलेला नर पाडस असतो, शिंगांच्या जागी नुसत्या गुठळ्या, लांबून कळत नाही. मोठी मादी अंगाने लांबट दिसते, पाडस चौकोनी, तोंड आखूड. एकटंच, बेधडक, सगळ्यात आधी उघड्यावर आलं तर ते बहुतेक हे कारटंच असतं, मोठी मादी मागे झाडीत उभी राहून वास घेत असते. शेजारी दुसरं हरीण आलं की तुलना होते, म्हणून थांबायचं. थांबल्याने क्वचितच काही बिघडतं.

आता जिथून सुरुवात केली तिकडे येतो, हाताला लागणार का. तिथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी आहे. पण कायद्याने चालतं म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत मारायचंच असं नाही, कारण गोळी लागल्यावर काम सुरू होतं, तिथे संपत नाही. बार काढला की लगेच दुसरी गोळी भरायची, हरीण कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं ते एखाद्या झाडाशी पक्कं करायचं, आणि ते डोळ्यांसमोर पडलं नसेल तर अर्धा तास जागचं हलायचं नाही. मग जाऊन रक्त बघायचं. गुलाबीसर फेसाळ असेल तर फुफ्फुस, जवळच पडलेलं असणार. काळपट लाल असेल तर लिव्हर, तीन-चार तास थांबा. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलंय, मग आठ-दहा तास तरी मागे जायचं नाही, आधी गेलात तर ते उठून मैलभर पळतं आणि सापडत नाही. उड्या मारत पळालं की पाठीची कमान करून हळूहळू चालत गेलं, यावरूनही कळतं, कमान केली म्हणजे पोट. आता हेच संध्याकाळी पाच वाजता झालं, वर पाऊस सुरू, मग काय करणार? थांबलं तर रक्त धुऊन जातं, गेलं तर जनावर उठतं, रात्रभर ठेवलं तर कोयोटी (तिकडचे लांडग्या-कोल्ह्यासारखे प्राणी) खातात. म्हणून संध्याकाळचा शॉट फक्त जवळचा आणि आडवा, आणि पावसात तर त्याहून जवळचा. आणि हद्दीचं, हरीण पलीकडच्या खासगी जमिनीत जाऊन पडलं तर मालकाच्या परवानगीशिवाय आणता येत नाही. ते कुंपणाला लागूनच उभं असेल तर आधी तो मालक कसा माणूस आहे ते आठवायचं.

म्हाताऱ्याचं एक बघितलेलं सांगतो. संध्याकाळी ओढ्यापलीकडे एक मोठा नर आला, शिंगं कायद्यात बसत होती, अंतर त्याच्या हद्दीत, आडवा उभा. ह्याने रायफल वर केली, बघितलं, खाली ठेवली आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. मी खुणेने विचारलं का, तर त्याने ओढ्याकडे बोट दाखवलं, दोन दिवसांच्या पावसाने पाणी कमरेपर्यंत चढलेलं, पूल तीन मैलांवर, वर अंधार. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता खरं सांगतो. तो आपला बिस्कीट खात नर झाडीत जाईपर्यंत बघत बसला.

भाच्याची खरी परीक्षा जंगलात नाही, रात्री कॅम्पवर आहे. सोडलं म्हटलं की दोघे तरी हसतात, "मी असतो तर" सुरू होतं. नव्या माणसाला, त्यातून आपल्याकडच्या, हे टोचतं आणि दुसऱ्या दिवशी तो नको तो शॉट घेतो. त्याला म्हणावं कारण द्यायचंच नाही, "नाही जमलं मनाला" एवढं बोलून जेवायला बसायचं. जुनी जाणती माणसं असतात ना ती हसत नाहीत, बघून घ्या. आणि हात थरथरणं, श्वास फुलणं, हे सगळ्यांना होतं, जुन्यांनाही. शिंगांकडे बघणं बंद करून खांद्यामागच्या केसांची एक जागा धरायची, तिथेच बघायचं, दोन श्वास घ्यायचे, तरी थरथर थांबली नाही तर त्या दिवशी दुर्बीणच.

धनुष्यबाणाचं तो म्हणाला नाही तरी थोडक्यात सांगतो, कारण एकदा गोडी लागली की सगळे तिकडे वळतात. बाण सेकंदाला ८०-९० मीटर जातो आणि आवाज ३४० मीटर, म्हणजे दोरीचा टणत्कार हरणाला आधी पोचतो आणि ते पळायला म्हणून खाली दबतं, बाण वरून जातो किंवा पाठीत बसतो. त्यामुळे कान टवकारलेलं, पाय आपटणारं, शेपटीचं पांढरं निशाण वर केलेलं हरीण जवळ असलं तरी सोडायचं.

इकडचं पण सांगून ठेवतो नाहीतर खाली कुणीतरी विचारेलच. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे, आणि त्यातल्या कशालाही हात लावला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आत जाल, आणि जायलाच पाहिजे. तिकडे व्हाइटटेल, म्हणजे ही पांढऱ्या शेपटीची हरणं, एवढी झालीत की राज्य सरकार दरवर्षी विभागवार मोजून लायसन्स देतं, इकडे जे उरलंय ते बिबट्याला पुरलं तरी खूप. मला परत आल्यापासून कुणी विचारलं की हात शिवशिवतात का, तर नाही, येऊरला सकाळी चालायला जातो, भेकराची भुंक ऐकू आली की तेवढं पुरतं.

भाच्याचं एक काम मात्र आधी. तो एच-वन-बीवर असेल तर तिथल्या केंद्राच्या कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे, त्यातून सुटायचा एक रस्ता म्हणजे त्याच्याकडे चालू शिकारीचं लायसन्स असणं. म्हणजे मित्राची रायफल रेंजवर हातात घ्यायच्या आधीच लायसन्स खिशात पाहिजे, आणि पहिलं लायसन्स काढायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तर तो आत्ताच करायला सांगा, ऑक्टोबरात गडबड उडते. कंपनीच्या व्हिसा वकिलालाही एक ईमेल टाकून ठेवायला काय जातंय. रायफल सीझन २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, आधी सोमवारी व्हायचा, म्हणजे सुट्टी टाकायची पण गरज नाही.

आणि हरीण मिळालंच तर जागेवरून हलवायच्या आधी टॅग भरून कानाला लावायचा. सीडब्ल्यूडी नावाचा हरणांचा रोग पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून आहे, तो ज्या भागात सापडलाय तिथून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर न्यायला बंदी असते, तर मुंडकं गाडीत टाकून घरी आणायच्या आधी नकाशा बघा म्हणावं. मटणाला चरबी नसते, आपल्या मटणासारखं कुकरला लावलं की वातड होतं, पाठीचे तुकडे मालवणी मसाला लावून तव्यावर पटकन परतायचे आणि बाकीचा खिमा.