पैसे वसूल करायचेत की माणूस आत टाकायचाय?

अगं,

काल रात्री साडेअकराला पाठवलेला फिर्यादीचा ड्राफ्ट वाचला. भाषा स्वच्छ आहे, तारखा बरोबर आहेत, पण त्यात गुन्हा कुठाय ते दोनदा वाचूनही मला सापडलं नाही. तुझ्या क्लायंटने ११ लाखांचं सिमेंट उधारीवर दिलं, समोरच्या कॉन्ट्रॅक्टरने दोन हप्ते दिले आणि तिसऱ्यापासून फोन उचलणं बंद केलं, बरोबर ना? मग हा बुडवा असेल, निर्लज्ज असेल, पण फसवणुकीचं कलम ४२०, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतलं ३१८(४), लावायला माल घेतला त्या दिवशीच त्याची नियत खोटी होती हे दाखवावं लागतं. पुढे धंदा बसला म्हणून पैसे थकले तर तो दिवाणी मामला. आणि ते दोन हप्ते तू अगदी प्रामाणिकपणे ड्राफ्टमध्ये लिहिलेयत, समोरचा वकील तेच दाखवून म्हणेल की फसवायचंच असतं तर हे कशाला दिले असते.

मला माहितीये तू हे का केलंस. बार रूममध्ये कुणीतरी सांगितलं असेल की पोलीस स्टेशनला अर्ज टाक, ठाण्यातून एक फोन गेला की पैसे चालत येतात. कधीकधी येतातही, खोटं कशाला बोलू. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी मीही हेच केलं होतं, एका व्यापाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, तो चार दिवस आत बसला, घाबरून त्याने निम्मे पैसे दिले आणि मी पेढे खाल्ले. पण तेवढ्यात बाजारात बोभाटा झाला, त्याला कुणी माल देईना, दुकानाला टाळं लागलं आणि माझ्या क्लायंटचे उरलेले निम्मे पैसे कायमचे गेले. चार वर्षांनी तो निर्दोष सुटला. त्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याने मला नमस्कार केला, तो नमस्कार मला अजून टोचतो.

फौजदारी केसचं नाव काय असतं बघ, महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक. तुझ्या क्लायंटचं नाव त्यात कुठेच नाही, तो फक्त साक्षीदार, आणि नंतर मिटवायचं म्हटलं तरी कोर्टाची परवानगी लागते. कारण गुन्हा म्हणजे नुसतं एकाचं नुकसान नव्हे, सगळ्या समाजाने 'हे खपवून घेणार नाही' असं ठरवलेली गोष्ट, म्हणून समाजाच्या वतीने सरकार उभं राहतं. आणि सरकार उभं राहिलं की माणसाचं स्वातंत्र्यच काढून घेऊ शकतं, म्हणून तर दिवाणीत नुसतं पारडं कुठे झुकतं ते बघतात आणि इथे वाजवी शंकेला जागा राहिली तरी आरोपी सुटतो.

परीक्षेत तू शिक्षेच्या थिअऱ्या लिहिल्या असशील, अद्दल घडवणं, वचक बसवणं, धोकादायक माणसाला आत ठेवणं, सुधारणं वगैरे. वचक हा प्रकार लोकांना फार आवडतो, काहीही झालं की फाशी द्या, शिक्षा वाढवा. पण चोर कलम वाचून चोरी करत नाही गं, तो एवढंच बघतो की आपण सापडू का. दहा वर्षांनी लागणाऱ्या निकालातल्या जन्मठेपेपेक्षा सहा महिन्यांत हमखास होणारी छोटी शिक्षा जास्त वचक बसवते असं माझं मत आहे. सुधारण्यावर लोक हसतात, पण कधी सांगलीकडे गेलीस तर आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर माहिती करून घे. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये उघडलेली कैद्यांची वसाहत, भिंती नाहीत, कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. नव्या कायद्यातही बघ, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने ५,००० रुपयांच्या आतली चोरी केली असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत दिली तर तुरुंगाऐवजी समाजसेवा आहे. यातला एकतरी हेतू तुझ्या सिमेंटवाल्याच्या केसला लागू पडतो का सांग, त्याला फक्त दाब हवाय.

अर्थात क्लायंटला ही सवय कायद्यानेच लावली. १९८९ च्या एप्रिलपासून चेक बाउन्स हा गुन्हा झाला, हेतू हा की लोकांचा चेकवर विश्वास बसावा. झालं काय, तर २०१९ अखेर देशात २.३१ कोटी फौजदारी केसेस पेंडिंग, त्यातल्या ३५.१६ लाख नुसत्या चेकच्या, हे सुप्रीम कोर्टानेच नोंदवलंय. फौजदारी कोर्टाची वसुली एजन्सी झाली आणि मारहाण झालेली बाई तारखेला येऊन बाकावर बसून परत जाते.

आणि काही गोष्टींना तर हे हत्यार लागूच पडत नाही. मुंबई पोलिसातल्या एका कॉन्स्टेबलची केस वाच. अपघातानंतर मानसिक आजार जडला, त्याने महापालिका कार्यालयाबाहेर अंगावर रॉकेल ओतून घेतलं, लोकांनी वाचवला आणि वरून त्याच्यावर ३०९ चा, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा! हायकोर्टाने १९८६ मध्ये ते कलमच घटनाबाह्य ठरवलं, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये ते वैध ठरवलं, शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार बोथट केली आणि न्याय संहितेत ते आलंच नाही. मरू पाहणाऱ्याला तुरुंगाची भीती घालायची, काय म्हणावं याला. तसाच आपला दारूबंदी कायदा, १९४९ चा, प्यायला परवाना लागतो म्हणे. आजूबाजूला विचारून बघ कुणाकडे आहे.

हे हसण्यावारी गेलं, पण १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठव. काही केलं म्हणून नाही, जन्मला म्हणून गुन्हेगार. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायची सवय गेलेली नाही, रिमांडला उभी राहशील तेव्हा कळेल.

तर आता काम. फिर्याद बाजूला ठेव, फाडू नकोस. आधी रिकव्हरीची नोटीस काढ. मुदत तीन वर्षांची आहे, पहिल्या बिलाची तारीख बघून ठेव. रक्कम ३ लाखांच्या वर आहे आणि व्यापारी व्यवहार आहे, म्हणजे दाव्याआधी मिडिएशनला, मध्यस्थासमोर तडजोडीला, जावं लागेल, क्लायंट कुरकुरेल, कुरकुरू दे. त्याला एकदा नीट बसवून विचार की पैसे हवेत की तो माणूस बेड्यांत बघायचाय, कारण दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत आणि फीसुद्धा.

आणि हो, गुरुवारी येताना त्या दोघांचं व्हॉट्सॲप चॅट तारीखवार प्रिंट काढून आण. ऑर्डरच्या आधीचे मेसेज मला जास्त हवेत. दुसऱ्याच कुणाची साईट आपली म्हणून दाखवली असेल, खोटी वर्क ऑर्डर पाठवली असेल, तर तुझा ड्राफ्ट परत काढू.

तुझा
सर